महाराज आग्र्यात नजरकैदेत होते, तरी स्वराज्याचा कारभार चालू राहिला, कारण…

साल १६६६. मे महिना. आग्र्यात औरंगजेबाच्या वाढदिवसाचा दरबार भरला होता. शिवाजी महाराज तिथे गेले, पण हवा तो मान मिळाला नाही. महाराज भर दरबारात संतापून बाहेर पडले आणि त्यानंतर त्यांच्या मुक्कामाभोवती फौलादखानाचे पहारे बसले. सोबत नऊ वर्षांचे संभाजीराजे होते.

पुढची गोष्ट मराठी घरातल्या पोराटोरांना पाठ असते. आजारपणाचं सोंग, मिठाईचे पेटारे, १७ ऑगस्टची सुटका.

पण या गोष्टीची दुसरी बाजू फारशी कोणी सांगत नाही. महाराज आग्र्यात अडकले होते तेव्हा इकडे राजगडावर काय चाललं होतं?

जरा परिस्थिती बघा. वर्षभरापूर्वीच, जून १६६५ मध्ये, पुरंदरचा तह झाला होता. २३ किल्ले मोगलांना द्यावे लागले होते, हातात उरले होते फक्त १२. नेताजी पालकरांसारखा सरनोबत साथ सोडून गेला होता. दक्षिणेला आदिलशाही, किनाऱ्यावर जंजिऱ्याचा सिद्दी, उरलेल्या बाजूंना मोगल. आणि ज्याच्या नावावर हे सगळं उभं होतं तो माणूस हजार किलोमीटरहून जास्त लांब, शत्रूच्या पहाऱ्यात.

एखादा डाव मोडायला याहून चांगला मुहूर्त कुठला?

तरी डाव मोडला नाही. निघताना महाराजांनी जिजाबाईंच्या देखरेखीखाली मोरोपंत पेशवे, निळोपंत मुजुमदार अशा कारभाऱ्यांवर राज्य सोपवलं होतं. महाराज परत आले तेव्हा राज्य जागेवर होतं. किल्लेदार फितूर होऊन पळाले नव्हते, राज्याची वाटणी करून घ्यायला कोणी बसलं नव्हतं.

आज कुठल्याही बाजारपेठेत जा. मालक गावाला गेला की निम्म्या दुकानांचं शटर अर्धं खाली येतं. उधारी कोणाकडे किती, माल कुठून येतो, कोणाला किती सूट द्यायची, सगळं एकाच डोक्यात असतं. आपल्याशिवाय चालेल असं काही उभं करणं म्हणजे काय, आणि ते किती अवघड असतं, हे समजून घ्यायचं असेल तर महाडपासून साधारण २५ किलोमीटरवर असलेल्या रायगडाची गोष्ट वाचायला हवी.

ही गोष्ट सुरू होते जावळीत.

एका घराण्याची जावळी

आजचा महाड आणि पोलादपूर तालुका नकाशावर बघितला की सह्याद्रीची भिंत, तिच्यातून उतरणारी सावित्री नदी आणि घाटावरून कोकणात येणाऱ्या वाटा दिसतात. पोलादपूरहून आंबेनळी घाट चढला की प्रतापगड आणि महाबळेश्वर. सावित्रीच्या काठाने खाली गेलं की महाड आणि पुढे बाणकोटची खाडी. घाटावरचा माल समुद्राकडे नेणाऱ्या वाटांवर ज्याचा ताबा, त्याच्या हातात मोठी सत्ता.

सतराव्या शतकात ही सत्ता जावळीच्या मोऱ्यांकडे होती. आदिलशाहीच्या नावाखाली, पण प्रत्यक्षात स्वतंत्र असल्यासारखं हे घराणं पिढ्यानपिढ्या इथे राज्य करत होतं. गादीवर जो बसेल त्याला चंद्रराव हा किताब मिळायचा. म्हणजे माणूस बदलला तरी नाव तेच राहायचं.

पण नावाखेरीज फारसं काही टिकणारं नव्हतं. सगळं घराण्याभोवती बांधलेलं. घराणं हरलं की सगळं गेलं.

१६५६ मध्ये नेमकं तेच झालं. तेव्हा महाराजांचं वय होतं २६. १६३० मध्ये शिवनेरीवर जन्म, पुण्याच्या जहागिरीत कारभाराचे धडे, मावळातले किल्ले, राजगडावर बिऱ्हाड, इथपर्यंतचा प्रवास झाला होता. जावळी घेतली आणि पाठोपाठ रायरीचा डोंगरही घेतला. हाच रायरी पुढे रायगड झाला.

जावळी पडली, पण जावळीची माणसं महाराजांनी वाया घालवली नाहीत. मोऱ्यांच्या चाकरीत असलेले मुरारबाजी देशपांडे स्वराज्यात आले. पोलादपूरजवळच्या उमरठ गावाशी नातं असलेले तानाजी मालुसरेही याच मुलखातले. भोरप्याच्या डोंगरावर मोरोपंत पिंगळ्यांच्या देखरेखीखाली प्रतापगड उभा राहिला.

मुलूख तोच, वाटा त्याच. मात्र आता कारभार एका घराण्याच्या दिवाणखान्यातून चालणार नव्हता.

शामियान्यात काहीही होवो, बाहेरचं काम ठरलेलं

१० नोव्हेंबर १६५९ ला प्रतापगडाच्या पायथ्याशी अफझलखानाची भेट झाली. वाघनखांपर्यंत ही गोष्ट सगळ्यांना ठाऊक आहे. पण त्या दिवसाची आखणी बघितली तर वेगळंच काही हाती लागतं.

शामियान्यात जाणारी माणसं मोजकी होती. बाकी फौज जंगलात आपापल्या जागी दबा धरून बसली होती. कोणत्या वाटेवर कोण थांबणार, इशारा झाला की खानाच्या छावणीवर कोण तुटून पडणार, हे आधी ठरलं होतं. बखरकार सांगतात की भेटीला जाण्याआधी महाराजांनी आपलं बरंवाईट झालं तर मागे काय करायचं, हेसुद्धा माणसांना सांगून ठेवलं होतं.

म्हणजे तिशीही न गाठलेला राजा आपण उद्या नसू, हे गृहीत धरून काम वाटून देत होता.

पुढे अवघ्या १८ दिवसांत पन्हाळा स्वराज्यात आला. खान पडल्याच्या आनंदात फौज थांबून राहिली नाही, कारण पुढचं काम तिच्यासमोर होतं.

हीच सवय पुढे दोन प्रसंगी दिसली, आणि दोन्ही वेळा केंद्रस्थानी याच मुलखातली माणसं होती.

पहिला प्रसंग १६६५ चा. दिलेरखानाने पुरंदरला वेढा घातला होता. किल्ल्याची जबाबदारी मुरारबाजींवर. बाहेर पडून केलेल्या हल्ल्यात ते मारले गेले. सरदार पडला की फौज पळते, हा त्या काळातला नेहमीचा अनुभव. हत्तीवरचा सेनापती दिसेनासा झाला म्हणून जिंकत आलेल्या लढाया हरल्याची उदाहरणं हिंदुस्थानात पुष्कळ आहेत. पुरंदरच्या शिबंदीने मात्र एक मुरारबाजी गेला म्हणून दारं उघडली नाहीत. मुरारबाजींच्या मागेही किल्ला लढत राहिला. शेवटी पुरंदर गेला तो तहात.

दुसरा प्रसंग ४ फेब्रुवारी १६७० चा. कोंढाण्यावर तानाजी मालुसरे पडले. माणसं माघारी फिरू लागली तेव्हा सूर्याजी मालुसऱ्यांनी त्यांना परत वळवलं आणि किल्ला घेतला, असं बखरी सांगतात. तानाजींची समाधी उमरठला आहे. तिथे जाणारा प्रत्येक जण त्यांच्या शौर्यापुढे मान झुकवतो, आणि ते योग्यच आहे. पण त्या रात्रीची दुसरी खरी गोष्ट अशी की मोहिमेचा प्रमुख गेल्यावरही मोहीम पूर्ण झाली.

आग्र्याहून आल्यावर काय केलं?

आग्र्याहून सुटून आल्यावर महाराजांनी लगेच मोठं युद्ध उकरून काढलं नाही. पुढची दोन-तीन वर्षं बरीचशी शांततेत गेली. बाहेरून बघणाऱ्याला वाटावं, राजा थकला. आत मात्र राज्याची घडी बसवली जात होती.

या घडीचे नियम कृष्णाजी अनंत सभासद यांच्या बखरीत वाचायला मिळतात. त्यातले काही बघू.

किल्ला कोणा एकाच्या हातात नाही. प्रत्येक गडावर हवालदार, सरनोबत आणि सबनीस असे अधिकारी. तिघांनी मिळून कारभार करायचा. कोठाराचा हिशेब कारखानीस ठेवणार. किल्ल्या एकाकडे, शिबंदी दुसऱ्याकडे, कागद तिसऱ्याकडे. शिवाय हे अधिकारी वेगवेगळ्या जातींतले नेमायचे, म्हणजे नात्यागोत्यातून संगनमत व्हायला नको. एक जण फितूर झाला तरी गड जाणार नाही. एक जण मेला तरी गड बंद पडणार नाही.

फौजेत कोण कोणाच्या हाताखाली, हे मोजून ठरलेलं. घोडदळात २५ बारगिरांवर एक हवालदार. पाच हवालदारांवर जुमलेदार. दहा जुमलेदारांवर हजारी. पाच हजाऱ्यांवर पंचहजारी. त्यांच्यावर सरनोबत. मधला कोणी गेला तर त्याच्या जागी कोण येऊ शकतो, हे खालच्या माणसाला शोधत बसावं लागत नव्हतं.

पगार रोख. हा सगळ्यात कळीचा नियम. तोपर्यंतची पद्धत अशी की सरदाराला चाकरीबद्दल मुलूख तोडून द्यायचा. तो तिथला महसूल खाणार आणि त्यातून फौज पोसणार. सोपी पद्धत, पण दोन पिढ्यांत तो सरदार त्या मुलखाचा धनी होऊन बसतो आणि राजालाच डोळे दाखवतो. जावळीचे मोरे याचंच उदाहरण होते. महाराजांनी चाकरीबद्दल जमीन द्यायची पद्धत शक्यतो बंद ठेवली. जुमलेदाराला वर्षाला ५०० होन, हजारीला १,०००, पंचहजारीला २,०००. पगार सरकारातून येणार, म्हणून निष्ठाही सरकारशी.

महसुलाचा हिशेब मोजणीवर. जमीन काठीने मोजायची, पिकाचा अंदाज बांधायचा, पाच हिश्श्यांतले तीन रयतेला आणि दोन सरकारला. कारकून बदलला म्हणून आकारणी बदलायला नको.

आणि नियम नुसते वर ठरवून थांबत नव्हते. १६७३ च्या सुमारास चिपळूणजवळ छावणीला असलेल्या जुमलेदारांना महाराजांनी पाठवलेलं एक पत्र उपलब्ध आहे. पावसाळ्यासाठी साठवलेला दाणागोटा जपून वापरा, नाहीतर घोडी उपाशी मरतील. रयतेला त्रास द्याल तर लोक म्हणतील यापेक्षा मोगल बरे. रात्री दिवा जळता ठेवलात तर उंदीर पेटती वात ओढून नेईल आणि गवताच्या गंजी पेटतील. राजा उंदराचा विचार करतो आहे, हे वाचून आज गंमत वाटते. पण छावणीत राजा हजर नसताना काय काय बिघडू शकतं, याची ती सविस्तर यादी आहे.

रायगडाचा बंद दरवाजा

रायगडावरची हिरकणीची दंतकथा सगळ्यांना माहीत आहे. दूध विकायला गडावर गेलेली गवळण, संध्याकाळी बंद झालेले दरवाजे, घरी तान्हं बाळ, आणि कडा उतरून गेलेली आई. महाराजांनी तिचं कौतुक केलं आणि त्या जागी बुरूज बांधला, असं सांगतात.

ही आईच्या मायेची कथा आहे. पण तिच्यात आणखी एक माणूस आहे, ज्याचं नावही कोणाला माहीत नाही. तो म्हणजे दारावरचा पहारेकरी. त्याने दार उघडलं नाही. कथेतले महाराज हिरकणीचा सन्मान करतात, पण दार का उघडलं नाहीस म्हणून पहारेकऱ्याला शिक्षा करत नाहीत. लोकांनी पिढ्यानपिढ्या सांगितलेल्या गोष्टीतसुद्धा गडाचा नियम असा सर्वांसाठी सारखा राहिला.

आठ जणांचा कारभार

२४ फेब्रुवारी १६७४. नेसरीजवळ बहलोलखानाशी लढताना सरनोबत प्रतापराव गुजर मारले गेले. राज्याभिषेकाला जेमतेम सव्वातीन महिने उरले होते. सरसेनापतीच गेला. तरी फौज विस्कटली नाही. हंबीरराव मोहिते सेनापती झाले आणि ६ जूनला रायगडावर ठरल्याप्रमाणे राज्याभिषेक पार पडला.

या सोहळ्यात सिंहासन, छत्र, होन, शक या गोष्टी डोळ्यांत भरतात. पण राज्य टिकण्याच्या दृष्टीने तितकीच मोठी गोष्ट होती अष्टप्रधान मंडळ. पेशवा सगळ्या कारभारावर. अमात्य जमाखर्चावर. सचिव पत्रव्यवहार आणि दप्तरावर. मंत्री राजाच्या रोजच्या नोंदींवर. सेनापती फौजेवर. सुमंत परराज्यांशी व्यवहारावर. न्यायाधीश न्यायावर. पंडितराव धर्मकार्यावर. शेवटचे दोघे सोडले तर बाकीच्यांना वेळ पडली की लढाईवरही जावं लागे.

यांनाही पगार रोखच होता. पेशव्याला वर्षाला १५,००० होन, अमात्याला १२,००० आणि बाकीच्यांना १०,००० असे आकडे इतिहासकारांनी दिले आहेत. पद बापाकडून मुलाकडे आपोआप जाणार नाही, असा दंडक होता.

याच काळात आणखी एक काम झालं, जे वरवर किरकोळ वाटतं. रघुनाथ पंडितांकडून राज्यव्यवहारकोश तयार करून घेतला गेला. कारभारात रुळलेल्या सुमारे १,४०० फारसी-अरबी शब्दांना त्यात संस्कृत प्रतिशब्द दिले होते. भाषेचा अभिमान हा त्याचा एक भाग. दुसरा भाग असा की पदांची, खात्यांची, वस्तूंची नावं कागदावर आली. नाव कागदावर आलं की काम शिकवता येतं, आणि शिकवता आलं की दुसऱ्याच्या हाती देता येतं.

राज्याभिषेकानंतर अकराच दिवसांनी, १७ जूनला, रायगडाच्या पायथ्याशी पाचाडला जिजाबाईंचं निधन झालं. आग्र्याच्या वेळी जिच्या भरवशावर राज्य ठेवून जाता आलं होतं ती व्यक्ती आता नव्हती. यापुढे भरवसा ठेवायचा तो उभ्या केलेल्या व्यवस्थेवर.

त्याची परीक्षा महाराजांनी स्वतःहून घेतली. ऑक्टोबर १६७६ मध्ये ते दक्षिणेच्या मोहिमेवर निघाले आणि दीड वर्षाहून अधिक काळ रायगडापासून दूर राहिले. मागे मोरोपंत, अण्णाजी दत्तो आणि दत्ताजी त्रिंबक कारभार बघत होते. १० वर्षांपूर्वी नाइलाजाने राज्य सोडून जावं लागलं होतं. या वेळी ठरवून गेले.

या मोहिमेत १६७७ मध्ये तमिळ मुलखातला जिंजीचा किल्ला हाती आला. महाराजांनी तिथे नवी तटबंदी, नवी शिबंदी, नवा कारभार बसवला. रायगडापासून इतक्या लांबच्या किल्ल्यावर एवढा खर्च कशाला, असा प्रश्न तेव्हा कोणालाही पडला असता. उत्तर मिळायला १२ वर्षं लागली.

एकच जागा मोकळी राहिली

इथपर्यंत वाचून वाटेल की सगळं चोख होतं. तसं नव्हतं.

पेशवा गेला तर काय, सेनापती गेला तर काय, किल्लेदार गेला तर काय, याची उत्तरं तयार होती. राजा गेला तर पुढे कोण, याचं सगळ्यांनी मान्य केलेलं उत्तर तयार नव्हतं.

थोरले संभाजीराजे कर्तबगार होते, पण दरबारातल्या जुन्या कारभाऱ्यांशी त्यांचं पटत नव्हतं. डिसेंबर १६७८ मध्ये ते दिलेरखानाकडे निघून गेले आणि वर्षभराने परत आले. धाकटे राजाराम जेमतेम १० वर्षांचे. राज्याची दोघांत वाटणी करावी असा विचार महाराजांनी बोलून दाखवल्याचं सभासद सांगतो. त्यावर काही ठरायच्या आत, ३ एप्रिल १६८० रोजी, रायगडावर महाराजांचं निधन झालं. वय अवघं ५०.

आणि मग जे घडलं ते कुठल्याही कुटुंबाच्या धंद्यात घडतं तसंच होतं. संभाजीराजे पन्हाळ्यावर असताना अण्णाजी दत्तो आणि इतर काही कारभाऱ्यांनी सोयराबाईंच्या बाजूने राजारामांना गादीवर बसवलं. सेनापती हंबीरराव मोहिते हे सोयराबाईंचे सख्खे भाऊ. पण त्यांनी भाच्याची नाही, संभाजीराजांची बाजू घेतली. जूनमध्ये रायगड संभाजीराजांच्या ताब्यात आला आणि जानेवारी १६८१ मध्ये त्यांचा राज्याभिषेक झाला. त्याच वर्षी कटाच्या आरोपावरून अण्णाजी दत्तोंना देहदंड झाला. ज्या माणसाने स्वराज्याच्या जमिनी मोजल्या, त्याचा शेवट असा.

संस्थापकाने दोनशेहून जास्त किल्ल्यांची घडी बसवली होती. सिंहासनाच्या एका जागेचं मात्र राहून गेलं, आणि त्याची किंमत पुढच्या पिढीने मोजली.

रायगड पडला, राज्य पडलं नाही

औरंगजेब आता स्वतः दख्खनेत उतरला होता. संभाजीराजांनी आठ वर्षं त्याला तोंड दिलं. डिसेंबर १६८७ मध्ये वाईजवळच्या लढाईत हंबीरराव पडले. १ फेब्रुवारी १६८९ ला संगमेश्वरला संभाजीराजे पकडले गेले आणि ११ मार्चला त्यांची क्रूर हत्या झाली.

रायगडाला मोगलांचा वेढा पडला. वारस शाहूराजे सात वर्षांचे. येसूबाईंनी अशा वेळी जो निर्णय घेतला तो या सगळ्या गोष्टीतला सगळ्यात जड निर्णय असावा. राजारामांना पुढे करायचं, त्यांनी गडाबाहेर पडायचं, आणि स्वतः मुलासह गड लढवत मागे राहायचं. एप्रिल १६८९ मध्ये राजाराम रायगडावरून निसटून प्रतापगडाकडे गेले. म्हणजे सध्याच्या महाड-पोलादपूरच्याच डोंगरातून. नोव्हेंबरमध्ये रायगड पडला. येसूबाई आणि शाहूराजे कैदेत गेले.

राजा मारला गेलेला, राजधानी गेलेली, वारस कैदेत. आदिलशाही १६८६ मध्ये आणि कुतुबशाही १६८७ मध्ये राजधानी पडताच संपली होती. औरंगजेबाच्या दृष्टीने मराठ्यांचाही निकाल लागला होता.

पण राजाराम पोचले जिंजीला. महाराजांनी १२ वर्षांपूर्वी घेऊन मजबूत केलेल्या त्याच किल्ल्यावर. तिथे नवी राजधानी उभी राहिली. इकडे महाराष्ट्रात रामचंद्रपंत अमात्यांनी सगळा कारभार हाती घेतला. हे रामचंद्रपंत राज्याभिषेकाच्या वेळच्या अष्टप्रधानांपैकी एक, तरुण वयात महाराजांच्या हाताखाली तयार झालेले. त्यांच्या जोडीला शंकराजी नारायण, परशुराम त्रिंबक. मैदानात संताजी घोरपडे आणि धनाजी जाधव.

१६९८ मध्ये जिंजीही पडली, पण त्याआधी राजाराम निसटले होते. १७०० मध्ये सिंहगडावर त्यांचं निधन झालं. मग हंबीररावांची मुलगी ताराबाई पुढे आल्या आणि त्यांनी लढा चालू ठेवला. १७०७ मध्ये औरंगजेब अहमदनगरजवळ मेला. दिल्लीला परत जाणं त्याच्या नशिबात आलंच नाही.

महाराज गेले त्याला तेव्हा २७ वर्षं झाली होती.

पण टिकलं ते तेच होतं का?

या टिकण्याची किंमत मोठी होती. मोगलांशी लढायला फौज हवी आणि तिजोरीत पैसा नाही, अशा स्थितीत राजारामांच्या काळात सरदारांना मुलूख तोडून द्यायला सुरुवात झाली. म्हणजे महाराजांनी नेमकी जी वाट बंद केली होती ती उघडली. त्या वेळी दुसरा इलाज कदाचित नव्हताही. मोगलही वतनांचं आमिष दाखवतच होते.

पण परिणाम व्हायचा तो झाला. सरदार आपापल्या मुलखाचे धनी झाले. १७१३ मध्ये बाळाजी विश्वनाथ पेशवे झाले आणि पुढे पेशवेपद त्यांच्याच घराण्यात पिढीजात झालं. आठ जणांचा तोल जाऊन एका पदाचं वजन वाढलं. मराठ्यांचा झेंडा अटकेपर्यंत गेला, पण पुण्याच्या एका हाकेला सगळे सरदार एकत्र येतीलच याची खात्री उरली नाही.

म्हणून महाराजांच्या या बाजूकडे बघताना दोन्ही गोष्टी लक्षात ठेवाव्या लागतात. काम माणसाला न बांधता पदाला बांधलं, पगार सरकारातून दिला, नियम कागदावर आणले, दुसरी राजधानी तयार ठेवली, म्हणून राज्य वाचलं. आणि आपल्यानंतर कोण हा एक प्रश्न वेळेत मिटला नाही, म्हणून ते वाचताना रक्तबंबाळ झालं.

आज तुम्ही रायगडावर गेलात तर जगदीश्वराच्या मंदिरापाशी एका पायरीवर हिरोजी इंदुलकरांचं नाव कोरलेलं दिसेल. गड बांधणाऱ्याचं नाव पायरीवर. राजाची समाधी तिथून जवळच.

त्या समाधीपासून शेकडो कोस लांब, जिंजीत, १६९० च्या दशकात आणखी एक गोष्ट घडली. वडील गेले तेव्हा १० वर्षांचे असलेले राजाराम आता राजा होते. राजधानी शत्रूकडे होती, खजिना रिकामा होता. त्यांनी कृष्णाजी अनंत सभासद या जुन्या कारकुनाला सांगितलं की वडिलांनी राज्य कसं उभं केलं आणि कसं चालवलं, ते लिहून काढ. त्यातूनच सभासदाची बखर तयार झाली. हवालदार किती, जुमलेदाराला होन किती, गडाच्या किल्ल्या कोणाकडे, हे सगळं त्याने लिहून काढलं. पुढे म्हातारपणी रामचंद्रपंतांनीही आज्ञापत्र लिहून तेच काम पुढे नेलं.

बापाला विचारता येत नव्हतं, पण बापाचं काम माहीत असलेली माणसं शिल्लक होती. मुलाला तेवढं पुरलं.